थारला मोठे टायर हवेत? आधी नक्षी, मग हवा, आकार शेवटी

चिंचवडच्या एका थारवाल्याचा प्रश्न आहे. गाडी २०२२ ची, डिझेल, हार्ड टॉप, कंपनीचेच २५५/६५ आर १८ टायर (रुंदी २५५ मिलिमीटर, साइडवॉल म्हणजे बाजूची भिंत रुंदीच्या ६५ टक्के उंच, रिम १८ इंची), ४२,००० किलोमीटर झालेले. रोज ऑफिसला जाणं-येणं, महिन्यातून एखादा घाट, वर्षातून दोन-तीनदा कोकण. जुलैमध्ये वेल्ह्याच्या बाजूला शेतातून जाणाऱ्या एका चढावर गाडी रुतली आणि ट्रॅक्टर बोलवावा लागला. त्याहून जास्त झोंबलं ते हे, की मागून आलेली एक जुनी मारुती जिप्सी बारीक टायरांवर त्याच चढावरून निघून गेली. आता मित्र म्हणतोय, २८५/६५ आर १८ टाक, म्हणजे ‘३३ इंची’, आणि सोबत दोन इंचांची लिफ्ट, म्हणजे बॉडी तेवढी वर उचलणारं किट. विचारलंय ते असं: बसतील का, पोलिस किंवा आरटीओ धरतील का, आणि उद्या अपघात झाला तर विमेवाले हात वर करतील का?

माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी दारात येतो. बहुतेकांना मी टायर विकण्याआधी एकच विचारतो: अडकलात तेव्हा चाकांत हवा किती होती? बहुतेकांना सांगता येत नाही. काही जण अभिमानाने सांगतात, ‘पस्तीस! आदल्या दिवशीच भरली होती.’ तुम्हीही तेच लिहिलंय.

म्हणून आधी प्रश्न थोडा सरळ करून घेऊ. टायर किती मोठा बसेल, हा तुमचा खरा प्रश्न नाही. ओल्या मातीच्या चढावर गाडी का रुतली आणि पुढच्या वेळी ती रुतू नये, हा खरा प्रश्न आहे. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. पहिल्याचं उत्तर तुम्हाला पाऊण-एक लाखाच्या खर्चात आणि कायद्याच्या कचाट्यात घेऊन जाईल. दुसऱ्याचं कदाचित एका चांगल्या कॉम्प्रेसरच्या किमतीत भागेल.

जिप्सी का गेली ते बघा. जिप्सी जेमतेम हजार किलोची, तुमची थार तिच्या दीडपटीहून जड. जिप्सीचा टायर अरुंद, त्यामुळे तो वरचा चिखलाचा थर चिरून खालच्या टणक जमिनीला टेकतो. तुमचा २५५ रुंदीचा टायर त्याच चिखलावर तरंगू पाहतो, पण ४२,००० किलोमीटरनंतर नक्षीच्या खाचा उथळ झाल्यात. मावळ-मुळशीकडची भातखाचरांची माती एकदा त्या खाचांत बसली की निघत नाही. दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो, चाक जागच्या जागी फिरतं आणि प्रत्येक फेरीला स्वतःचा खड्डा खणत जातं. असा माखलेला टायर २८५ चा असला तरी तो रुंद गुळगुळीत टायरच. चिखलात रुंदी नेहमी कामाची असतेच असं नाही. वाळूत असते. आपण वर्षातले चार महिने चिखलात असतो आणि वाळूत असतो तो दिवाळीनंतर दिवेआगरला, तेही किनाऱ्यावर गाडी घालायला मनाई असते हे विसरून.

तर पहिली गोष्ट नक्षी. तुमच्या टायरांना नखाने नाही, मापाने बघा. खाचेच्या तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या असतात, त्या १.६ मिलिमीटरवर येतात. तेवढी खोली ही मोटारींसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतली किमान मर्यादा आहे, म्हणजे त्याखाली गेलात तर टायर कंपनीच्या मापाचा असूनही बेकायदा. पण चिखलासाठी १.६ ची वाट बघू नका. ऑल टेरेन टायर, म्हणजे रस्ता आणि माती दोन्हींसाठीचा, ४ मिलिमीटरच्या आसपास आला की चिखलात तो जवळपास साधा रस्त्याचा टायर झालेला असतो. डांबरावर अजून वर्षभर चालेल, चढावर नाही. तुमचे टायर मी पाहिलेले नाहीत, पण ४२,००० आणि पुण्याचे रस्ते म्हटल्यावर ते याच टप्प्यावर असणार. तसं असेल तर टायर तुम्हाला बदलायचेच आहेत. प्रश्न उरतो कोणते, इतकाच.

इथे लोक थेट मड टेरेनवर उडी मारतात, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘बटण टायर’ म्हणतात. मोठाली बटणं, मध्ये बोटभर रुंद चर. चिखल त्यातून खरंच बाहेर फेकला जातो, यात वाद नाही. पण तुमचा हिशेब मांडा. वर्षाला पंधरा-सोळा हजार किलोमीटर चालत असाल तर त्यातले चिखलाचे किती? दोनशे? बाकीचे डांबराचे, आणि त्यातले बरेच ओल्या डांबराचे. ताम्हिणीत जुलैच्या पावसात वळणावर ब्रेक दाबला की डांबराला चिकटून राहतं ते मऊ रबर आणि त्यावरच्या बारीक बारीक चिरा. बटण टायरच्या मोठ्या ठोकळ्यांत या चिरा थोड्या असतात, आणि चर जेवढे रुंद तेवढं डांबराला टेकणारं रबर कमी. त्यामुळे ओल्या डांबरावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. आवाज वाढतो, तोही थोडाथोडका नाही. ऐंशीच्या पुढे गाडीत बोलायला आवाज चढवावा लागतो. मी माझ्या स्वतःच्या गाडीला एक पावसाळा बटण टायर लावून बघितले होते. वरंध्यात एका एसटीच्या मागे गाडी ज्या पद्धतीने सरकली, त्यानंतर दिवाळीपर्यंतही थांबलो नाही, काढून विकले.

तुमच्या वापराला जरा आक्रमक नक्षीचे ऑल टेरेन बस झाले. खांद्याला, म्हणजे टायरच्या कडेला, ठोकळे साइडवॉलवर थोडे उतरलेले असतील असा नमुना निवडा. चाकोरीतून वर चढताना ती कडच माती धरते.

दुसरी गोष्ट हवा. एवढं ओरडून सांगूनही लोक ती करत नाहीत, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नाही. रस्त्याला जी हवा लागते ती दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर छापलेली असते. मातीत शिरण्याआधी ती १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा. टायर रुंदीला फारसा वाढत नाही, लांबीला वाढतो. रणगाड्याच्या पट्ट्यासारखा जमिनीवर लांब पसरतो आणि दगडधोंड्यांभोवती वळतो. माझ्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत मी गिऱ्हाइकाला हे दाखवतो. पुठ्ठ्यावर ओला रंग लावून त्यावर चाक टेकवायचं, आधी ३५ ला, मग १८ ला. दोन ठसे शेजारी ठेवले की माणूस गप्प होतो. पंधराच्या खाली मात्र जाऊ नका. साध्या अलॉयवर टायरची कड रिमवरून निसटू शकते, विशेषतः चाक वळवून जोर लावला तर. हवा कमी असताना वेग तीसच्या आत ठेवायचा आणि डांबराला लागण्याआधी परत भरायची. त्यासाठी थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा कॉम्प्रेसर घ्या. सिगारेट लायटरच्या भोकातला खेळण्यातला घेतलात तर थारच्या चार चाकांना अर्धा तास लागतो आणि दुसऱ्या चाकाला तो तापून बंद पडतो.

आता तिसरी गोष्ट, आकार, ज्यासाठी तुम्ही लिहिलंत.

मोठ्या टायरच्या बाजूने एक मुद्दा अगदी खरा आहे, आधी तो मान्य करतो. थारला मागे अखंड अॅक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, आहे आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा (दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा जमिनीच्या सगळ्यात जवळ असतो. लिफ्ट किटने बॉडी वर जाते, तो गोळा तिथेच राहतो. त्याला वर उचलायचं असेल तर चाकाचा घेर वाढवणं हाच मार्ग. पण किती वर जातो ते बघा. २५५/६५ आर १८ चा व्यास होतो सुमारे ७८९ मिलिमीटर. हिशेब सोपा आहे: २५५ चे ६५ टक्के म्हणजे साइडवॉल १६६, ती वर एक खाली एक म्हणून दुप्पट, त्यात १८ इंच रिमचे ४५७ मिळवा. मित्राच्या २८५/६५ आर १८ चा व्यास येतो ८२८. फरक ३९, आणि जमिनीपासूनची उंची वाढते त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर. कंपनी थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर सांगते. तो २४५ झाला. मधलं बोट आडवं धरा, त्याच्या जाडीइतका फरक. बाकी सगळी किंमत या दोन सेंटिमीटरसाठी मोजायची आहे.

पहिली किंमत स्पीडोमीटर. व्यास पाच टक्क्यांनी वाढला की काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०५ ला असते. कारखान्यातून निघताना स्पीडोमीटर साधारण थोडा चढाच दाखवतो, तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये असा मोटारींच्या मानकांचा कटाक्ष असतो. ती सवलत मोठा टायर खाऊन टाकतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मर्यादा १०० आहे, घाटात ६०, आणि २०२४ पासून तिथे कॅमेऱ्यांची यंत्रणा चालू आहे. तुम्ही काट्यावर ५९ ठेवून घाट उतराल आणि घरी चलान येऊ शकतं. ओडोमीटरचंही तेच: १०५ किलोमीटर धावून १०० नोंदवतो. मग लोक येऊन सांगतात की मोठे टायर टाकल्यावर अॅव्हरेज पडलं. काही खरंच पडतं, काही काट्याच्या चुकीने पडल्यासारखं दिसतं.

दुसरी किंमत वजन. एकदा शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर आम्ही दोन चाकं ठेवली होती, एक कंपनीचं आणि एक कोणाचं तरी जाड बटण टायरवालं. एका चाकामागे आठ किलोंचा फरक निघाला. हे वजन स्प्रिंगच्या खालचं. ते शॉकअपला, बॉल जॉइंटला, व्हील बेअरिंगला आणि ब्रेकला प्रत्येक खड्ड्यात जाणवतं. आणि पाचवं चाक मागच्या दारावर टांगलेलं असतं, ते विसरू नका. त्या दाराच्या बिजागऱ्या कंपनीच्या स्टेपनीचं वजन धरून बनवल्यात.

तिसरी किंमत जागा. ‘बसतील का’ याचं खरं उत्तर गाडी जॅकवर असताना मिळत नाही. जॅकवर सगळं बसतं. थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, त्यामुळे चाक वर-खाली होताना थोडं आत-बाहेरही होतं. माझी पद्धत अशी: नवा टायर फक्त पुढच्या दोन चाकांना चढवायचा, टायरच्या खांद्यावर ओला खडू फासायचा, एक पुढचं चाक रॅम्पवर पूर्ण दाबून चढवायचं आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. मग चाक उतरवून बॅटरीने बघायचं, खडू कुठे लागला. पुढच्या बंपरच्या मागच्या कोपऱ्यात, आतल्या प्लास्टिक लायनरवर, अँटिरोल बारवर, चॅसिसच्या आतल्या बाजूला. दुसरं चाकही तसंच. सगळीकडे कोरड्यात दोन बोटं जागा उरली पाहिजे, कारण त्या दोन बोटांत चिखल बसणार आहे. मग मागे वळून ब्रेकच्या पाइपचा आणि एबीएस सेन्सरच्या वायरचा मार्ग बोटाने चाचपायचा.

हे सांगतो कारण एक गाडी माझ्याकडे डॅशबोर्डवर एबीएस आणि ईएसपीचे दिवे पेटलेल्या अवस्थेत आली होती. कुठल्याशा दुकानात २८५ चे टायर चढवले, घासतात म्हणून लायनर ग्राइंडरने कापले, ‘आता एकदम फ्री’ म्हणून सोडून दिलं. सपाट रस्त्यावर खरंच घासत नव्हतं. पण खड्ड्यात चाक दाबलं गेलं की आतली कड सेन्सरच्या वायरला लागायची. दोन महिन्यांत वरचं आवरण सोललं आणि आतली तांब्याची तार चमकत होती. लायनर कापल्यामुळे चाकाने उडवलेला चिखल सरळ वायरिंगवर. वायर पाचशे-सहाशेची, शोधायला आम्हाला दीड दिवस गेला. घाटात ब्रेक दाबल्यावर ते कळलं नाही, हे नशीब.

आता कायदा. ‘सगळेच लावतात, कोण विचारतं?’ हे मला माहीत आहे. रस्त्यावर रोज विचारत नाहीतच. विचारतात ते अपघातानंतर, आणि तेव्हा विचारणारा पोलिस नसतो, विम्याचा सर्व्हेअर असतो.

मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ म्हणतं, की निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा नोंदणीतले तपशील वेगळे होतील असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ ए आलं. त्यात परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. मोठे टायर, लिफ्ट, स्पेसर (चाक बाहेर ढकलणारी चकती), लोखंडी बंपर हे एकाच हौसेचे चार बदल धरले जाऊ शकतात.

यावर एक पळवाट हमखास सांगितली जाते: आरसीच्या कार्डावर टायरचा आकार कुठे छापलाय? खासगी गाडीच्या कार्डावर सहसा नसतोच. पण कलमाचा रोख निर्मात्याच्या मूळ तपशिलांवर आहे, आणि ते तपशील मालकाच्या पुस्तिकेत आणि दाराच्या खांबावरच्या त्या स्टिकरवर छापलेले आहेत. सर्व्हेअर फोटो काढतो तो त्याच स्टिकरचा आणि शेजारी टायरच्या साइडवॉलचा. दोन फोटो, विषय संपला.

दुसरीकडे, टायर हा झिजणारा भाग आहे. तो बदलणं हा काही ‘बदल’ नाही. नक्षी ऑल टेरेन घ्या, कंपनी बदला, त्याला कुठेही अडचण नाही, जोवर आकार निर्मात्याने त्या गाडीला दिलेला आहे, भार आणि वेगाचा अंक मूळ टायरइतका किंवा वरचा आहे आणि टायरवर आयएसआयचा शिक्का आहे. हा शिक्का आपल्याकडे मोटारींच्या टायरना सक्तीचा आहे. २०२० च्या जूनपासून टायरच्या आयातीवर निर्बंध आले. तेव्हापासून काही नामांकित परदेशी नमुने बाजारात ‘कुणाच्या तरी कंटेनरमधून’ येतात. शिक्का नसलेला टायर घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. आणि बनवल्याची तारीख बघा: साइडवॉलवर चार आकडे एका चौकटीत असतात, २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दोन वर्षं गोदामात पडलेला ‘नवा’ टायर मी नव्याच्या भावात घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

या चौकटीत तुम्हाला दोन आकार मोकळे आहेत, आणि दुसरा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. पहिला तुमचाच २५५/६५ आर १८. दुसरा २४५/७५ आर १६, जो याच पिढीच्या थारच्या खालच्या मॉडेलना पोलादी डिस्कवर, म्हणजे रिमवर, कारखान्यातूनच आला. त्याचा व्यास ७७४, म्हणजे तुमच्यापेक्षा १५ मिलिमीटर कमी. गाडी सात-आठ मिलिमीटर खाली बसेल. ऐकायला उलटं वाटतं ना? तुम्ही ‘मोठा’ मागितला आणि मी लहान दाखवतोय. पण साइडवॉल बघा: तुमची १६६, याची १८४. जवळजवळ दोन सेंटिमीटर जास्त रबर दगड आणि रिमच्या मध्ये. हवा उतरवली की हाच टायर जास्त पसरतो, जास्त वळतो आणि अलॉयची कड धोंड्यावर आपटत नाही. पोलादी डिस्क वाकली तर घण मारून जागेवर येते. अलॉय तडकला की तो गेलाच. किल्ल्यांच्या पायथ्याच्या वाटांसाठी मला विचाराल तर हा सेट २८५ पेक्षा उपयोगाचा आहे आणि त्याचा आकार कंपनीच्याच यादीतला आहे. तुमच्या गाडीच्या स्टिकरवर तो छापला नसेल तर सर्व्हिस सेंटरकडून मेलवर लेखी घ्या आणि तो कागद गाडीत ठेवा. डिस्क चढवताना ब्रेकच्या कॅलिपरला आतून मोकळी फिरते ना, हे हाताने फिरवून बघायला सांगा.

मधला मोह म्हणजे २५५/७० आर १८, व्यास ८१४, सव्वातीन टक्के मोठा. टायरच्या धंद्यात ‘तीन टक्क्यांपर्यंत चालतं’ असा ठोकताळा आहे, आणि हा त्याच्या जरा बाहेर असूनही थारला बहुतेक वेळा न घासता बसतो. मी बसवलेत. पण तीन टक्के हा धंद्याचा ठोकताळा आहे, कायद्यातली सवलत नाही. ज्यांना हवाच असतो त्यांना मी सांगतो, की आधी विमा कंपनीला मेल टाका, आकार लिहा, लेखी उत्तर घ्या. दहातले आठ तो मेल टाकतच नाहीत आणि मूळ आकार घेऊन जातात.

भाराच्या अंकाबद्दल दोन शब्द, कारण मोठा टायर म्हणजे आपोआप मजबूत असं सगळे धरून चालतात. साइडवॉलवर आकारापुढे १११ टी असं काहीतरी असतं. १११ म्हणजे त्या टायरची भार पेलण्याची मर्यादा १,०९० किलो, टी म्हणजे १९० चा वेग. तुमच्या जुन्या टायरवर जो अंक आहे त्याच्या खाली जायचं नाही. काही टायरवर आकाराआधी एलटी असतं. ते हलक्या मालवाहू गाड्यांच्या पद्धतीचे, जाड साइडवॉलचे. त्यांना तेवढाच भार पेलायला हवा जास्त लागते, म्हणून स्टिकरवरची हवा तशीच भरून चालत नाही. ते वजनालाही जड असतात आणि रिकाम्या गाडीत पाठ मोडतात. तुम्हाला त्याची गरज नाही.

याच पोटात जिम्नीवाल्यांसाठी (मारुतीची छोटी फोर बाय फोर) एक इशारा, कारण तुमच्या मित्राचा सल्ला तिथेही फिरतोय. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५, डिस्क साडेपाच इंच रुंद. लोक त्याच डिस्कवर २३५/७५ आर १५ चढवतात. त्या टायरला किमान सहा इंचांची डिस्क लागते. अरुंद डिस्कवर तो फुग्यासारखा गोल होतो, मधोमध झिजतो आणि वळणावर डुलतो. त्यात व्यास जवळजवळ सहा टक्के वाढतो, आणि १०५ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन घाटात आधीच धापा टाकत असतं. तुमच्या डिझेलला निदान ओढ आहे.

लिफ्टबद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण माझ्या मते तुमच्या वापरात तिला जागाच नाही. पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनला वर उचललं की ड्राइव्ह शाफ्टचे कोन वाढतात, अलाइनमेंट हद्दीबाहेर जाते आणि गाडीचा तोल वर सरकतो. स्पेसर तर हातही लावू नका. चाक मडगार्डच्या बाहेर आलं की दगड मागच्याच्या काचेवर उडतो, बेअरिंगवरचा जोर वाढतो आणि नाक्यावरच्या हवालदाराला तेच पहिल्यांदा दिसतं.

टायर घ्याल तेव्हा पाच घ्या. चार घेऊन स्टेपनीला जुना ठेवणं हे साध्या गाडीत चालून जातं, फोर बाय फोरमध्ये नाही. थारची फोर बाय फोर पुढच्या आणि मागच्या अॅक्सलला एकमेकांशी कुलूपबंद करते; मधे फरक पचवणारं काही नसतं. एक चाक वेगळ्या घेराचं असलं की दोन अॅक्सल एकमेकांशी भांडतात, ताण ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीवर) येतो, लिव्हर काढताना अडकतो. पंक्चर नेमकं चिखलात होतं, आणि तिथेच तुम्ही फोर बाय फोरमध्ये असता. पाचवा टायर सारखा झिजावा म्हणून दर आठ-दहा हजारांनी पाचही चाकं फिरवून घ्या.

तुमच्या गाडीला चाकातली हवा दाखवणारी यंत्रणा आहे, तिचे सेन्सर व्हॉल्व्हच्या मागे रिमच्या आत बसतात. टायर उतरवणाऱ्या पोराला हे आधी सांगा, मशीनचा पाता व्हॉल्व्हच्या शेजारी लावला तर सेन्सर फुटतो. माझ्याकडे नवीन आलेल्या मुलाने पहिल्याच महिन्यात एक फोडला होता, आणि भरून मी दिला. सोळा इंची डिस्कचा सेट केलात तर त्यात सेन्सर हलवून घ्यावे लागतील किंवा नवे घेऊन गाडीला ओळख करून द्यावी लागेल. नाहीतर दिवा पेटलेलाच राहील, आणि पेटलेल्या दिव्याची सवय झाली की खरी हवा गेल्यावरही बघणार नाही.

तूर्तास करायचं ते इतकं. येत्या रविवारी खाचांची खोली मोजा आणि खांबावरच्या स्टिकरचा फोटो काढा. टायर अजून पाच मिलिमीटरच्या वर असतील तर काहीच विकत घेऊ नका; कॉम्प्रेसर आणि हवेचं मीटर घेऊन त्याच चढावर परत जा, सोबत दुसरी गाडी ठेवून. हवा अठराला उतरवा, लो रेंज (फोर बाय फोरचा हळू पण जास्त ओढीचा टप्पा), दुसरा गिअर, रेस एकसारखी, मध्ये थांबायचं नाही. तरीही रुतलात तर मला कळवा, किती हवेवर आणि कुठल्या मातीत ते लिहा. चढाचा फोटो जिप्सीच्या चाकोऱ्यांसकट मिळाला तर आणखी बरं.